कोरड्या विहिरीचा आकडा

नामंजुरीच्या कागदावर कारण एका ओळीत दिले होते: 'पाण्याची पातळी ०.०० मीटर. टँकरची आवश्यकता आढळून येत नाही.'

विहिरीतील पाण्याची पातळी जमिनीपासून खाली मोजतात. पाणी जितके खोल, तितका आकडा मोठा. शून्य मीटर याचा अर्थ पाणी काठोकाठ आहे, वाकून तांब्या बुडवावा एवढे. खैरमाळ तांड्याची ती विहीर मी मार्चच्या मध्यात पाहिली होती. तिच्या तळाशी भेगाळलेला काळा खडक होता, एक तुटकी चप्पल होती आणि पाणी म्हणता येईल असे काहीही नव्हते.

वाशीमच्या एका कार्यालयात मी करारावर भूवैज्ञानिक म्हणून काम करते. विहिरी मोजायच्या आणि टँकरच्या अर्जात भरलेला आकडा तपासून त्याखाली आपले नाव घालायचे, हे माझे काम. हा अर्ज माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. पातळी दोन मीटरपेक्षा वर असली की संकेतस्थळ अर्ज स्वतःच निकालात काढते. माणसांचा वेळ वाचावा म्हणून केलेली ती सोय आहे.

मला हे कळले ते तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, रामसिंग यांच्या फोनमुळे.

"मॅडम, आमची इहीर भरली म्हनते तुमचं कम्प्युटर," ते म्हणाले. "लेकराईले पोहाले पाठवू काय?"

मी तारखा पाहिल्या. नामंजूर अर्जात दुरुस्ती करायला सात दिवस मिळतात. त्यांतले सहा गेले होते; सातव्या दिवशी संध्याकाळी पाचला मुदत संपणार होती. दुरुस्ती झाली नाही, तर नवा अर्ज जूनच्या एक तारखेला करता येणार होता. तांड्यात बेचाळीस घरे. त्यांतल्या निम्म्या घरांतली ऊसतोडीला गेलेली माणसे एप्रिलमध्ये परत येतात, म्हणजे विहीर आटते नेमक्या त्याच वेळी पिणारी तोंडे वाढतात. सध्या सगळा तांडा दीड किलोमीटरवरच्या दौलतरावांच्या शेतातल्या विहिरीवरून पाणी आणत होता. दौलतरावांनी दहा मेपर्यंतची मुदत दिली होती. त्यांच्या संत्र्याला आंबिया बहाराची, म्हणजे ऐन उन्हाळ्यात पाणी लागणारी, फळे होती आणि त्यांच्या विहिरीवरचा पंप दिवसातून जेमतेम चाळीस मिनिटे चालत होता. मुदत देणारा माणूस वाईट नव्हता. विहीर लहान होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसने मानोऱ्याला गेले आणि तिथून नवीनच्या मोटारसायकलवर बसून तांड्यावर. नवीन हा तीन ग्रामपंचायतींचा संगणक परिचालक. पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप, पाठीवर लॅपटॉपची पिशवी आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की आता कोणीतरी ओरडणार आहे.

"शून्य कोणी भरले?" मी विचारले.

"म्या भरलं."

"का?"

"त्यानं दुसरं काई घेतलंच नाई मॅडम. पाहा तुमीच."

विहिरीच्या कठड्यावर लॅपटॉप ठेवून त्याने मला कोरा सरावाचा अर्ज उघडून दाखवला. 'विहिरीची खोली' या रकान्यात त्याने ९.२० भरले. तांड्याच्या हिशेबात ती पाच परस आहे, पण परस हे माप संकेतस्थळाला माहीत नाही. पुढचा रकाना 'पाण्याची पातळी'. तो रिकामा ठेवला, तर लाल अक्षरे आली: हा रकाना अनिवार्य आहे. 'कोरडी' असे लिहिले: कृपया केवळ अंक भरावेत. आडवी रेघ दिली: अवैध नोंद. मग त्याने मोठ्या आशेने विहिरीची खोलीच पुन्हा भरली, ९.२०. तर्क बरोबर होता. उत्तर आले: पाण्याची पातळी विहिरीच्या खोलीपेक्षा कमी असणे आवश्यक आहे.

"आता हे पाहा," तो म्हणाला आणि त्याने शून्य भरले. हिरवी खूण आली.

"शून्य म्हणजे पाणी काठावर."

"मले वाटलं शून्य म्हणजे काईच नाई. शाळेत तं हेच शिकवलं होतं."

त्याला रागावण्यात अर्थ नव्हता. ज्याने हा अर्ज बनवला त्याने पाणी असलेली विहीर डोळ्यांपुढे ठेवली होती. पाण्याची पातळी तळापेक्षा वर असते, हा नियम खरा आहे. मी तो विद्यार्थ्यांनाही शिकवला आहे. फक्त टँकरचा अर्ज कोण करते, याचा विचार कोणीतरी करायला हवा होता. ज्यांच्या विहिरीत पाणी आहे तेच टँकर मागू शकतील, अशी ती रचना होती.

मी मदतकक्षाला फोन लावला. अकरा मिनिटे संगीत ऐकल्यावर एक नम्र तरुण आवाज आला.

"विहिरीत पाणी नाही," मी सांगितले. "पातळीच्या रकान्यात काय भरायचे?"

"मोजलेली पातळी भरा, मॅडम."

"पाणी नाही. काय मोजू?"

"पाणी नसेल तर मोजू नका, मॅडम."

"मग रकाना रिकामा ठेवू?"

"नाही मॅडम, तो अनिवार्य आहे."

"हे तुम्हाला विचित्र वाटत नाही?"

त्याला वाटत असावे. "मी तक्रार नोंदवून घेतो. पंधरा कामाच्या दिवसांत उत्तर येईल. तक्रारीसाठी विहिरीचा सांकेतिक क्रमांक आणि सध्याची पातळी सांगता का?"

मी फोन ठेवला.

तोवर कठड्याभोवती माणसे जमली होती. दौलतरावांच्या विहिरीवरून परतणाऱ्या बाया डोक्यावरचे हंडे कडुनिंबाच्या सावलीत उतरवून थांबल्या होत्या. सर्वांत पुढे रामीबाई, साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. दोन हंडे आणायला त्यांना दोन तास लागतात, आणि हे त्या प्रत्येकाला सांगतात.

"काय म्हनते थो फोनवाला?" रामसिंगांनी विचारले.

"पाणी मोजा म्हणतो."

"अन् पानी नसन तं?"

"तरीही आकडा भरा म्हणतो."

नवीन हळूच म्हणाला, "मॅडम, नऊ पंधरा टाकून देऊ काय? खोलीपेक्षा पाच सेंटीमीटर कमी. घेईन तो."

ते मलाही सुचले होते. दोन अडचणी होत्या. दुरुस्ती विहिरीजवळ उभे राहून मोबाइलवरूनच करायची होती, आणि सोबत त्याच क्षणी काढलेला फोटो लागत होता, मोजपट्टीचे टोक पाण्याला टेकलेले दाखवणारा. कोरड्या खडकाचा फोटो तालुक्यातला तपासनीस परत पाठवतो. गेल्या वर्षी चार अर्ज तसे परत आले होते. दुसरी अडचण माझी होती. माझ्या नावाखाली जाणारा आकडा मोजलेला असतो. या नोकरीत पगार वेळेवर नाही, गाडी नाही, पुढच्या वर्षी करार असेल की नाही ते माहीत नाही. एवढी एकच गोष्ट माझ्या हातात होती.

"मोजल्याशिवाय मी भरणार नाही," मी म्हणाले.

"मंग टाका ना पानी!" रामीबाई सावलीतून म्हणाल्या. "एवढं पानी पायजे फारमाले, तं ओता त्याच्यात एक हंडा अन् मोजा. होऊन जाईन त्याचं समाधान."

सगळे हसले. रामसिंग हसले, नवीन हसला, बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मग हसणे एकेकाचे थांबत गेले आणि सर्वांत शेवटी नवीन गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे पाहू लागला.

"किती लागन, मॅडम?"

मला उत्तर द्यायचे नव्हते, पण डोक्यात गुणाकार सुरू झाला होता. विहिरीचा व्यास साडेचार मीटर. पूर्ण तळावर एक सेंटीमीटर पाणी उभे करायचे तर एकशे साठ लिटर, म्हणजे दहा-अकरा हंडे. ते अशक्य. पण तळाच्या एका कडेला, जिथे खोली ९.२० भरते, तिथे खडकात मीटरभर रुंदीचा खळगा होता. चाळीस लिटर ओतले तर त्यात पाच सेंटीमीटर पाणी दिसेल. मी हे सगळे मोठ्याने बोलले, आणि बोलल्यावर लक्षात आले की मी एका प्रस्तावाचे अंदाजपत्रक मांडले आहे.

"घरामागं एक तांब्या," रामसिंग म्हणाले.

तांड्याची रीत तशी आहे. देवळाला चुना द्यायचा असो की कोणाला दवाखान्यात न्यायला जीप करायची असो, सगळे घरामागे सारखे निघते. घर लहान की मोठे हे विचारत नाहीत. बेचाळीस घरे, बेचाळीस तांबे. नाईकांनी एका दमात हिशेब जुळवला होता आणि तो माझ्या हिशेबाशी दोन लिटरच्या फरकाने जुळत होता.

"म्या मस्करी केली होती, नाईक," रामीबाई म्हणाल्या. त्या आता हसत नव्हत्या.

"मस्करीतूनच इलाज निंगला."

"हा इलाज व्हय? दीड कोसावरून पानी आनाचं अन् गोट्यावर ओताचं?"

"दीड किलोमीटर, मावशी," नवीन म्हणाला.

"तू हंडा घे डोक्शावर अन् मंग सांग कोस हाय का किलोमीटर."

मीही विरोध केला. हे मापन नव्हते. प्रयोगशाळेत नमुन्यात आपणच काही मिसळले, तर तो नमुना फेकून देतात. इथे मी स्वतः नमुना तयार करून त्याचे मोजमाप घेणार होते, आणि ते मोजमाप मिलिमीटरपर्यंत अचूक असणार होते. आकडा खरा, टेप खरी, पाणी खरे. फक्त विहिरीविषयी त्यातून जे समजेल ते खोटे. मी हे रामसिंगांना शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितले.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "मॅडम, तुमी म्हनता ते बरोबर. पन आता तेथं शून्य लिवलेलं हाय. ते खरं हाय काय?"

मी थैलीतून टेप काढली.

तांबे येऊ लागले. पितळी, स्टीलचे, एक प्लास्टिकचा मग. काही बायांनी काठोकाठ आणले, काहींनी चार बोटे कमी. कोणी किती कमी आणले यावर लगेच बोलणे सुरू झाले. "उज्ज्वला, तुयाले तांब्या म्हनतेत का वाटी?" असे कोणी म्हणाले आणि उज्ज्वला नावाच्या त्या सुनेने, "सासूनं भरून देल्ला, तिलेच विचारा," असे उत्तर दिले. सगळे पाणी दोन बादल्यांत जमले. रामीबाईंनी आपला तांब्या सर्वांत शेवटी ओतला, अगदी हळू.

रामसिंग लोखंडी कड्यांवरून विहिरीत उतरले. बादल्या दोराने खाली सोडल्या. त्यांनी पाणी खळग्यात ओतले. वरून ते काळ्या खडकावर पडलेल्या ताटलीसारखे दिसत होते. मी काठावरून टेप सोडली, त्यांनी टोक धरून पाण्याला टेकवले, नवीनने फोटो काढला. कठड्याची उंची वजा जाता पातळी ९.१५ मीटर. वेळ बारा चाळीस. फोटो काढल्यापासून दहा मिनिटांत अर्ज जमा करायचा होता.

नवीनने आकडा भरला. हिरवी खूण आली. त्याने 'जमा करा' दाबले.

'मागील नोंद ०.०० मीटर. फरक ५ मीटरपेक्षा अधिक आहे. कारण निवडा.'

तीन पर्याय होते: पंपाने उपसा, शेजारील बोअरवेलचा परिणाम, इतर. मोजणाऱ्याची चूक हा पर्याय नव्हता. नवीनने 'इतर' निवडले. खाली एक चौकट उघडली. त्याने लिहिले: विहीर कोरडी आहे.

'कारण किमान वीस अक्षरांचे असावे.'

"काय लिहू, मॅडम?"

"लिही, याआधी चुकून शून्य भरले गेले."

"माया नावावर येईन ते."

"मग लिही, मोजणीत सुधारणा केली."

"सुधारना कायची केली विचारतीन."

"नवीन, कोणी विचारणार नाही. लिही."

खालून रामसिंगांचा आवाज आला, "मॅडम, पानी चाललं!"

मी वाकून पाहिले. ताटली लहान झाली होती. खडकाला उभ्या भेगा होत्या आणि त्या पाणी पीत होत्या. नवीनने काहीतरी लिहून 'जमा करा' दाबले. वर्तुळ फिरत राहिले. त्या माळावर मोबाइलच्या सिग्नलची एकच दांडी येते आणि तीही वाऱ्यावर असल्यासारखी हलते. तो कठड्यावर चढला, मोबाइल डोक्यावर धरून उभा राहिला. बारा एक्कावन्नला उत्तर आले: फोटोची मुदत संपली आहे, कृपया नवीन फोटो काढावा.

एक वाजून पाच मिनिटांनी खळगा कोरडा होता. चाळीसेक लिटर पाणी, पंचवीस मिनिटे. ही विहीर पाणी धरून ठेवत नाही, ही बाब दहा वर्षांच्या कोणत्याही नोंदीत नव्हती. त्या दिवसात हाती आलेली ती एकमेव खरी माहिती होती, आणि तिच्यासाठी अर्जात रकाना नव्हता.

"पुन्हा करा लागन," रामसिंग वर येऊन म्हणाले. त्यांचे गुडघे खरचटले होते. "घरामागं आनखी एक."

या वेळी कोणी हसले नाही. कोणी लगेच उठलेही नाही.

"पयला तांब्या फारमाचा," रामीबाई म्हणाल्या. "दुसरा कोनाचा? सकाळी दोन हंडे आनले म्या. एक सैपाकाले, एक पेयाले. एक तांब्या गेला. आता दुसरा गेला तं राती म्या थूक गिळू काय?"

"रामीबाई, टँकर येईन."

"येईन तवा येईन. तुमी पंचाइतीत वर्सभर सांगून राह्यले, येईन येईन." मग त्या माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या हाय. मले एक सांगा. म्या इहिरीत पानी टाकलं तवा पानी नाई म्हून पटन त्याले. अन् पानी नाई म्हून सांगतलं, तं पटत नाई. हे कोनतं शास्त्र?"

"शास्त्र नाही हे, मावशी," मी म्हणाले. "अर्ज आहे."

"मंग तुमी कायले आल्या?"

प्रश्न बरोबर होता. मी सकाळपासून एका नियमाचे दोष मोजत होते. माझ्या थैलीत पाण्याची लिटरभर बाटली होती, अर्धी प्यालेली. ती मी बादलीत ओतली. हे औदार्य नव्हते. मला पाच वाजता मानोऱ्याच्या बसस्टँडवर पाणी मिळणार होते. रामीबाईंनी ते पाहिले आणि तोंड फिरवले. पण थोड्या वेळाने त्या उठून घरी गेल्या व पाऊण तांब्या घेऊन आल्या.

दुसऱ्या फेरीत एकतीस लिटर जमले. या वेळी आम्ही तयारी करून ठेवली. मी कारण आधीच कागदावर लिहून अक्षरे मोजली होती. नवीनने फोटो निघायच्या आधीच बाकीचे सगळे रकाने भरून ठेवले. रामसिंग खाली, मी काठावर, नवीन कठड्यावर, आणि सिग्नलची दांडी दिसली की ओरडायला उज्ज्वला. पाणी पडले. टेप टेकली. ९.१६. फोटो. उज्ज्वलाने, "आली, आली, दाबा!" असे ओरडताच नवीनने दाबले.

वर्तुळ फिरले. खाली ताटली आकसू लागली. मी पाण्याकडे पाहत होते आणि बाकी सगळे नवीनच्या अंगठ्याकडे.

'अर्ज यशस्वीरीत्या जमा झाला.'

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रामीबाई रिकामा तांब्या घेऊन निघून गेल्या.

नवीनने मोबाइल माझ्या हातात दिला. अर्ज आता तांत्रिक तपासणीसाठी माझ्याच नावावर आला होता. 'सदर आकडा मी प्रत्यक्ष पडताळला असून तो विहिरीची वास्तविक स्थिती दर्शवितो,' या वाक्यापुढे एक चौकोन होता. अनिवार्य. त्याच्या खाली 'शेरा, ऐच्छिक', चाळीस अक्षरांची मर्यादा. मी शेऱ्यात लिहिले की विहीर कोरडी आहे, मोजलेले पाणी बाहेरून ओतलेले आहे आणि अर्जाच्या रचनेत दुरुस्ती हवी. चाळीस अक्षरे 'बाहेरून' या शब्दाच्या आसपास संपली. जे उरले ते असे होते की विहीर कोरडी आहे, पण पाणी मोजलेले आहे. माझ्याविषयी कोणाला काही सिद्ध करायचे असते, तर ते वाक्य पुरेसे होते. मी शेरा पुसला आणि चौकोनात खूण केली. पाच वाजायला पन्नास मिनिटे बाकी होती.

टँकर आठ मेला आला. मी मुद्दाम गेले होते, कारण मंजुरीपत्रात एक ओळ होती जी मी निघण्याआधी तीनदा वाचली: पाणी सार्वजनिक विहिरीत सोडावे.

मी पोचले तेव्हा टँकर विहिरीला पाठ करून उभा होता आणि रामीबाई टँकर व विहीर यांच्या मध्ये उभ्या होत्या. चालक मुन्ना पाइपचे तोंड हातात धरून त्यांच्याशी भांडत होता.

"सरका ना बाई! गाडी उभी हाय, दुसरी फेरी हाय मले."

"इहिरीत नाई सोडाचं. ड्रममधी सोड."

"सगळ्या गावाईत इहिरीतच सोडतो म्या!"

"सगळ्या गावाच्या इहिरी असतीन चांगल्या. हे पानी पेते. म्या पाह्यलं माया डोयानं. दोन खेपा टाकलं, दोन्ही खेपा पिऊन घेतलं तिनं. तू आठ हजार टाकशीन, तं सकाळी गोटे दिसतीन तुले."

मुन्नाने माझ्याकडे पाहिले. "मॅडम, सांगा यायले."

"त्या बरोबर सांगत आहेत," मी म्हणाले. "तळाला भेगा आहेत. मी मोजले आहे."

"असतीन भेगा. मले फोटो लागते. इहिरीत पाइप, पाइपातून पानी चालू, मागं गावाचा फलक. थो फोटो टाकला नाई, तं ही फेरी मोजत नाईत. मालक कापून घेते."

त्याचाही एक अर्ज होता. मला ते आधीच लक्षात यायला हवे होते.

"फोटोला किती वेळ लागतो?" मी विचारले.

"दहा-पंधरा सेकंद."

"मग तेवढेच सोड."

रामीबाईंनी माझ्याकडे असे पाहिले की जणू त्यांच्या शेवटच्या साक्षीदाराने जबाब फिरवला. "दहा सेकंद म्हणजे किती, बाई?"

पाइप तीन इंची होता. "साठ-सत्तर लिटर."

"चार हंडे."

"हो."

"चार तासाचं पानी हाय ते माये."

आकडा त्यांचा बरोबर होता. त्या बाजूला झाल्या, पण कठड्याला टेकून उभ्या राहिल्या आणि मुन्नाने झडप उघडली तेव्हा मोठ्याने मोजू लागल्या. एक. दोन. तीन. पाणी खडकावर आदळल्याचा आवाज विहिरीतून भरून वर आला. वर्षभरात त्या विहिरीतून असा आवाज आला नव्हता, आणि लहान पोरे पळत काठाशी आली. मुन्ना मोबाइल तिरपा करून फलक चौकटीत आणू पाहत होता. सात. आठ.

"बस कर!"

"फलक नाई आला—"

"बस कर म्हनलं ना!"

त्याने झडप बंद केली. फोटोत फलक अर्धा आला होता. तो चालला की नाही हे त्याला संध्याकाळी कळणार होते.

पाइप भरला की जड होतो आणि सापासारखा उसळतो. नवीन आणि मी तो दोन्ही बाजूंनी धरून दारोदार नेला, टँकर मागे सरकत आला. घरामागे एक ड्रम, दोनशे लिटर. ड्रम काठाला आला की बाया "हां, हां," म्हणत झाकण टाकत आणि आम्ही पुढे. रामीबाईंचा ड्रम अकरावा होता. त्यांनी तो भरल्यावर वरून ओघळलेले पाणी खाली लावलेल्या परातीत धरले आणि परात आत नेली.

नाईकाच्या घराची ओळ तांड्यात शेवटी घेतात, आणि त्या ओळीत रामसिंगांच्या पुढे एकच घर होते. रामसिंगांच्या ड्रमात पाणी गुडघाभर झाले तेव्हा पाइप खोकल्यासारखा आवाज करून बंद पडला. शेजारच्या त्या घराला काहीच मिळाले नाही.

"पुढची फेरी कधी?" रामसिंगांनी मुन्नाला विचारले.

"कागदावर एक दिवसाआड लिवेल हाय."

"म्हंजे परवा."

"फोटो चालला तं परवा," मुन्ना म्हणाला आणि गाडीत चढला.

रामसिंगांनी आपल्या ड्रमात वाकून पाहिले. मग शेजारच्या दारात उभ्या असलेल्या बाईला हाक मारली आणि बादली घेऊन यायला सांगितले.